आधीचा व्यवसाय

सतरा ऑक्टोबर. सीताफळांचा गर काढत होते. दौलताबादच्या रस्त्यावर टोपल्या लागल्या की पडेगावात आमच्या घरी दरवर्षी एक टोपली येते, आणि पिकायला लागली की सगळी एकदमच पिकतात. दुपारपर्यंत हातावेगळी केली नाहीत तर फेकावी लागतात. म्हणून सकाळी दहालाच जाड चाळणी, पातेलं आणि बियांसाठी एक ताट घेऊन बसले होते. मनगटापर्यंत हात चिकट. फोन वाजला तो कोपराने दाबून स्पीकरवर घेतला.

फोन माझ्या जुन्या सहकारी मुलीचा होता. पुस्तकासाठी कारखान्यांतल्या बायकांच्या मुलाखती घ्यायला ती माझ्याबरोबर होती. आता चिकलठाण्याला शाळेत शिकवते.

"मॅडम, आजची पुरवणी बघितली का?"

"नाही. काय आहे?"

"तुमच्या पुस्तकातलं प्रकरण छापलंय. पुरस्कार मिळाला म्हणून. अर्धं पान आहे. फोटोपण चांगला आलाय तुमचा."

"बरं."

मग ती म्हणाली, "खिचडीचं वाक्य तुम्ही ठेवलंत."

"शाळेत खिचडी शिजवणं हा त्या बाईचा आधीचा व्यवसाय आहे. तो काढला तर प्रकरणात उरतं काय?"

"मॅडम, कारखान्यात लाईनवर तिला खिचडीवालीच म्हणतात. सगळे. सुपरवायझरसुद्धा."

माझ्या हातात एक अर्धं फोडलेलं सीताफळ होतं. ते मी ताटात ठेवायच्या ऐवजी पातेल्यात ठेवलं, सालासकट.

"हे तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही. फॉर्मवर टोपणनावाचा रकाना नव्हता."

नव्हताच. फॉर्म मी तयार केला होता.

मी श्रम-अर्थशास्त्र शिकवते. लोक काय काम करतात, त्याचं त्यांना काय मिळतं आणि ते काम सुटलं की ते कुठे जातात, एवढंच आमचं शास्त्र. वडील कलेक्टर कचेरीत कारकून होते. कागद नीट लावणं हे आमच्या घरातलं एकमेव कौशल्य, आणि मी त्याच्यावरच नोकरी केली. कारखान्यांच्या गेटाबाहेर, बायकांच्या घरी, टपऱ्यांवर बसून मी फॉर्म भरले. या कामात भीती नेहमीची असते. एकदा एका ठेकेदाराच्या माणसाने भरलेले फॉर्म हातातून ओढून घेतले होते. एकदा एका वॉचमनने माझ्या स्कूटरची चावी काढून दिवसभर खिशात ठेवली. पण ती भीती माझ्यासाठी होती आणि तिची सवय झाली होती. दुसऱ्यासाठी भिण्याची मला सवय नव्हती.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच दिवशी एक नियम शिकवला होता. नाव, गाव, वय, जात ही चार झाका, की माणूस झाकला. मी तो नियम कधी मोडला नाही. आधीचा व्यवसाय मात्र आम्ही झाकत नाही. बाई आधी काय करत होती हे ठाऊक नसेल तर ती आता जे करते त्याचा अर्थ लागत नाही. इतर कोणीही, अगदी माझ्या शेजारणीने ते पान छापण्याआधी वाचलं असतं तरी सांगितलं असतं की ही खूण काढा. अर्थशास्त्राच्या माणसांना मात्र ती खूण वाटतच नाही. आमच्यासाठी तो फॉर्मवरचा एक रकाना असतो.

(हे लिहायला मी त्या बाईची परवानगी घेतली आहे. आणि या वेळी सगळ्या खुणा बदलल्या आहेत. खिचडीही खिचडी नव्हती. ज्यांना खरं कळवायचं त्यांना मी नंतर कळवलं.)

आता त्या प्रकरणात होतं काय ते सांगते, कारण भीती त्याचीच होती. शेंद्र्याच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायची लाईन आहे. समोरून फळ्या सरकत येतात, प्रत्येक बाईने आपल्यापुढे आलेल्या फळीवर ठरलेल्या चार गाठी टेपने बांधायच्या आणि फळी पुढे जाऊ द्यायची. बायका सगळ्या ठेकेदाराच्या. त्यांतल्या एका बाईची, म्हणजे या खिचडीवालीची, बोटं तास-दीड तास काम केलं की बधिर होत. टेपचं टोकही तिला पकडता येत नसे. तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका तिच्या दोन-दोन गाठी बांधून घेत. बोटांत जीव आला की ती पुन्हा सुरू करी. कोणी काही बोलत नसे, वर बघत नसे, फळी थांबत नसे.

ही रीत त्यांनी शेतातून आणली होती. खुरपणीत प्रत्येकीला एक पात असते, म्हणजे रांगेतला तिचा पट्टा. एखादी मागे पडली की शेजारच्या दोघी तिची पात अर्धी अर्धी ओढून घेतात आणि मुकादम वळून बघेपर्यंत रांग सरळ झालेली असते. शेतातली पात कारखान्याच्या लाईनवर आली, हे माझ्या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण. पुरस्कार त्याच्यावरच मिळाला. मानपत्रात माझ्या माहितीच्या काटेकोरपणाबद्दल दोन वाक्यं आहेत.

कारखान्यात हे चालत नाही. दुसरीच्या फळीला हात लावला की गेट बंद, म्हणजे दुसऱ्या दिवशी वॉचमन आत सोडत नाही आणि कोणी कारणही सांगत नाही. बधिर बोटांची बाई तर कोणीच ठेवणार नाही. तिने हे मला तिच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं. सांगून झाल्यावर विचारलं होतं, "हे छापून आलं तर?" मी म्हणाले होते, "तुम्हाला कोणी ओळखणार नाही." आणि मी ते मनापासून म्हणाले होते.

हात धुतले. तिला फोन लावला. बंद. तो बंदच असणार होता, पाळी सुरू होण्याआधी फोन गेटवर जमा करतात. हे मला ठाऊक होतं, पुस्तकात मीच ते लिहिलं आहे, तरी मी पाच वेळा लावला.

नवरा पुरवणी घेऊन आला. तो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला आहे आणि कशानेही घाबरत नाही.

"एवढ्या मोठ्या कारखान्यात मराठी पुरवणी कोण वाचतंय?" तो म्हणाला.

"एकाने वाचली तरी पुरे."

"मग जाऊन काय करणार आहेस?"

"ठाऊक नाही."

"जाऊन तिला अजून अडचणीत आणू नकोस म्हणजे झालं."

त्याचं बरोबर होतं. गेटसमोर माझी गाडी दिसली असती तर फोटोतली बाई आणि खिचडीवाली एका ठिकाणी, असं झालं असतं. म्हणून गेटवर जायचं नाही, गावात तिच्या घरी जायचं, असं ठरवलं. छावणीतून शहर ओलांडून जालना रोडने निघाले. एका सिग्नलला मागच्या ट्रकने इतका वेळ हॉर्न वाजवला की मी भानावर आले तेव्हा दिवा पुन्हा लाल झाला होता.

शेंद्र्याला दोन वाजता पोचले. पाळी सुटते साडेतीनला. तिच्या दाराला कुलूप. मुलगा कॉलेजला, नवरा नाहीच, तो फार पूर्वी वारला. मी ओट्यावर बसले. समोरच्या घरातून एक बाई आली.

"कोन पायजे?"

"यांच्याकडेच आले आहे. बचत गटाचं काम आहे."

"बचत गट तर माझ्याकडं हाय."

"दुसरा गट."

तिने माझ्या चपलांकडे पाहिलं आणि ती आत गेली. दार मात्र उघडं ठेवलं. दिवसातलं ते माझं पहिलं खोटं, आणि तेही मला नीट जमलं नव्हतं.

पावणेचारला बायका चालत येताना दिसल्या. आठ-दहा जणी, हातात डबे, ओढण्या आणि पदर डोक्यावरून घेतलेले. मी उभी राहिले. त्यांच्यात ती नव्हती. बायकांनी माझ्याकडे पाहिलं, एकीने दुसरीला कोपर मारलं, आणि सगळ्या काही न बोलता पुढे गेल्या. मला पुढे होऊन विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. आयुष्यभर अनोळखी माणसांना प्रश्न विचारत आले, आणि हा एक तेवढा विचारायचा राहिला.

ती पाचच्या सुमारास आली. एकटी, नेहमीसारखी ताठ. मला पाहून थांबली. मग कुलूप काढलं आणि म्हणाली, "आत या. सगळ्या गल्लीनं बघितलं, आता आमी बी बघावं."

आत गेल्यावर तिने आधी माठातलं पाणी दिलं. मग डबा घासायला घेतला. माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"बक्षीस भेटलं म्हनं."

"हो."

"काय दिलं?"

"शाल. नारळ. एक पितळी चिन्ह."

"शाल चांगली हाय का?"

"बरी आहे."

"मग झालं तर."

मी म्हणाले, "बाई, मला आज सकाळी कळलं. तुम्हाला तिथे खिचडीवाली म्हणतात हे मला माहीत नव्हतं. नाव बदललं, गाव बदललं, वय—"

"नावानं मला तिथं कोन हाका मारतंय? कार्डावर तर नुसता नंबर हाय." डबा पालथा घालून ती वळली. "मी पोषन आहार शिजवायचे ते सगळ्या लाईनला ठावं हाय. निम्म्या पोरी माझ्याच हातची खिचडी खाऊन मोठ्या झाल्या."

"सुपरवायझरने पाहिलं?"

"पाहिलं म्हंजे? आमच्याच एका पोरीनं सकाळी फोन गेटवर द्यायच्या आधी कौतुकानं फोटू काढून ग्रुपवर टाकला. आपल्या खिचडीवालीचं पेपरात आलं म्हून. खाली हात जोडलेले, फुलं, सगळं. ग्रुपात सुपरवायझर बी हाय."

"मग?"

"मग काय. पाळी सुटल्यावर बसवून घेतलं. फोनवर दाखवलं, ही तूच का. मी म्हनलं, मला वाचता येत नाय." ती चांगलं वाचते. माझ्यासमोर तिने संमतीपत्र ओळीवर बोट फिरवत दोनदा वाचलं होतं. "त्यानं वाचून दाखवलं. निम्मं त्यालाच वाचता येईना, तुम्ही लिहिलंय बी लई अवघड. मी म्हनलं, साहेब, खिचडी काय मी एकलीच शिजवत होते का, गावोगाव बाया शिजवतात. तर म्हनला, उद्या सकाळी ठेकेदार येनारे, त्याच्यासमोर सांग. अन् त्या शेजारच्या दोघी कोन तेबी सांग."

त्या शेजारच्या दोघी. सकाळपासून मी एकीसाठी घाबरत होते. आता त्या तीन झाल्या.

ती समोर बसली. तेव्हा मला दिसलं की तीही घाबरलेली आहे. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती, थंडीत बसतात तशी.

"पोराचं शेवटचं वरीस हाय," ती म्हणाली. "एवढं वरीस निघू द्या, मग खुशाल गेट बंद करा म्हनावं."

"मी ठेकेदाराला पत्र देते. लिहून देते की ती बाई तुम्ही नाही."

"अन् ते पत्र माझ्या हातात देनार? म्हंजे मीच ठरले ना. मॅडम, तुम्ही शिकलेल्या हाय का नाय?"

पत्रासाठी काढलेलं पेन मी परत पर्समध्ये ठेवलं.

"जिथून आलं तिथूनच जाऊ द्या," ती म्हणाली. "पेपरात आलं, पेपरातच येऊ द्या. ती बाई दुसरीच हाय म्हना. लांबची. खिचडी न्हवतीच म्हना. तो कागद बी ग्रुपवर पडू द्या. ती पोर टाकती. तिला बी कळलंय आपन काय केलं ते, दुपारपासून रडतीय."

"उद्या सकाळच्या आत?"

"ठेकेदार सातला येतो."

मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. पुस्तकात मी लिहिलं आहे की नाव-गाव सोडून सगळी माहिती जशी मिळाली तशी दिली आहे. आता पेपरात मी म्हणायचं की व्यवसायही बदलला होता, तर याचा अर्थ मी पुस्तकात खोटं लिहिलं. पुस्तक खरं म्हणूनच तर पुरस्कार मिळाला.

तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग खरं ठेवा तुम्ही," ती म्हणाली. रागाने नाही. भाजी घ्यायची नाही म्हटल्यावर बाई टोपली उचलते तशी. "मी बसते घरी."

मी उठून गाडीत गेले आणि पेपरच्या पुरवणीचं काम बघणाऱ्या संपादकांना फोन लावला. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांनीच अभिनंदनाचा निरोप पाठवला होता. मी म्हणाले, एक खुलासा छापायचा आहे, उद्याच, पहिल्या आवृत्तीत. मग फोनवरच मजकूर सांगितला. प्रकरणातली कामगार स्त्री शेंद्रा परिसरातली नाही. ओळख लपवण्यासाठी लेखिकेने तिचा आधीचा व्यवसायही बदलून लिहिला आहे, ती खिचडी शिजवत नव्हती. पुस्तकात तसं नमूद करायचं राहून गेलं, ही लेखिकेची चूक आहे.

"मॅडम," ते म्हणाले, "याचा अर्थ काय निघतो ते तुमच्या लक्षात येतंय ना? उद्या कोणीही विचारेल, मग अजून काय काय बदललं."

"विचारू दे."

"पुरस्कारवाले वाचतील."

"वाचू दे. छापणार ना?"

"सही करून मेल पाठवा. सहाच्या आत."

गाडीत बसून फोनवर टाइप केलं. 'व्यवसाय' हा शब्द मला तीनदा लिहावा लागला. पावणेसहाला मेल गेला. परत दाराशी गेले आणि तिला सांगितलं. तिने विचारलं, "'खिचडी न्हवती' हे घातलं ना?" मी म्हणाले, घातलं. "लवकर निघा," ती म्हणाली, "जालना रोडला आता गर्दी लागंल." उंबऱ्यापर्यंत आली, पुढे आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी पडेगावच्या नाक्यावर उभी होते. पेपरचे गठ्ठे अजून सुटायचे होते. विकणाऱ्याला म्हणाले, आधी मला एक दे. तो म्हणाला, "मावशी, बातमी पळून चाल्ली का?" पान उलटलं. पहिल्या पानावर नाही. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावरही नाही. सातव्या पानावर, खाली, कोपऱ्यात, एका चौकटीत होता. एक शब्दही गाळलेला नव्हता. गाडीच्या बॉनेटवर पेपर पसरून फोटो काढला. पहिला हलला. दुसरा माझ्या सहकारी मुलीला पाठवला. तिने तो लाईनवरच्या त्या मुलीला पाठवला. सहा वाजून वीस मिनिटांनी मला कळलं की तो ग्रुपवर पडला. पावणेसातला फोन गेटवर जमा होतात.

त्यानंतर करण्यासारखं काही नव्हतं. घरी येऊन फोन ओट्यावर, गॅसपासून लांब, समोर दिसेल असा ठेवला. हिशोब साधा होता. तिला बाहेर काढलं तर फोन तिच्या हातात परत येणार आणि ती मला फोन करणार. आत घेतलं तर फोन गेटवर राहणार. म्हणजे तो वाजला नाही तर बरं.

सात वाजले. सव्वासात. नवऱ्याने चहा केला आणि माझ्यापुढे ठेवला. साडेसात. आठ. फोन गप्प होता. नऊला दहा मिनिटं असताना तो वाजला.

मला उचलवेना. नवऱ्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "पुण्याचा आहे." पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या चिटणीसांचा. मी उचलला. त्यांनी नमस्कार न करताच विचारलं, तो खुलासा माझाच आहे का, की कोणी माझ्या नावावर छापला आहे.

"माझाच आहे," मी म्हणाले.

"समितीला लेखी काहीतरी द्यावं लागेल तुम्हाला."

"देते. आज साडेतीननंतर बोललं तर चालेल का? फोन मोकळा ठेवायचा आहे."

आदल्या दिवशीची सीताफळं टोपलीत काळी पडली होती. ती अंगणातल्या खताच्या खड्ड्यात टाकली. पातेल्यातला गर आंबला होता, तोही टाकला. चाळणी घासली. तोपर्यंत फोन परत वाजला नव्हता.